हॉटस्पॉट ऑनलाइन, पण रेडिओ गप्प

गेल्या काही महिन्यांत मला एकच प्रश्न इतक्या जणांनी विचारलाय की आता सगळं एकदा नीट लिहूनच काढतो. प्रश्न असा की हॉटस्पॉट जोडला, त्यात पाय-स्टार हे सॉफ्टवेअर टाकलं, डॅशबोर्डवर सगळं हिरवं दिसतंय, ब्रँडमायस्टर या डिजिटल नेटवर्कला कनेक्ट झालंय, पण हँडीवरून (हातातल्या रेडिओवरून) पीटीटी, म्हणजे बोलायचं बटण, दाबलं की काहीच होत नाही. माझंही अगदी हेच झालं होतं आणि तीन संध्याकाळी त्यात गेल्या, म्हणून जिथे वेळ जातो तिथलं सविस्तर सांगतो, बाकीचं पटकन उरकतो.

आधी हॉटस्पॉट म्हणजे काय ते, कारण मोबाईलच्या हॉटस्पॉटशी त्याची गल्लत होते. हॅम रेडिओत, म्हणजे लायसन्सवाल्या हौशी रेडिओत, डिजिटल व्हॉइसवर लांब बोलायचं तर रिपीटर लागतो, म्हणजे सिग्नल ऐकून पुढे पाठवणारं स्टेशन, आणि तुमच्या रेंजमध्ये डीएमआर किंवा डी-स्टार या डिजिटल पद्धतींचा रिपीटर नसेल तर महागातला रेडिओही नुसता शोभेला राहतो. मग घरातच एक छोटंसं स्टेशन उभं करायचं. साधारण १० मिलिवॉट पॉवर, म्हणजे दोन-तीन खोल्यांपुरतं. हँडीवरून बोललेलं ते ऐकतं आणि इंटरनेटवरून नेटवर्कला पोचवतं, तिकडून आलेलं हवेत सोडतं. बस्स. पण हे "हवेत सोडतं" महत्त्वाचं आहे. आपण सगळे त्याच्याकडे कॉम्प्युटर म्हणून बघतो आणि तो खरं तर ट्रान्समीटर आहे, त्यामुळे लायसन्स हवंच, आणि तो जे काही पाठवेल त्याची जबाबदारी तुमच्या कॉलसाइनवर (लायसन्सबरोबर मिळालेल्या ओळखनावावर) येते, तुम्ही खोलीत असा किंवा नसा.

सामान अगदी थोडं लागतं. रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटर-बोर्डांपैकी झीरो डब्ल्यू किंवा झीरो टू डब्ल्यू पुरतो, पाय थ्री पडून असेल तर तोही चालतो. लोकांना वाटतं डिजिटल आवाज म्हणजे भारी प्रोसेसर लागणार, पण गंमत अशी की पाय तुमचा आवाज उलगडतच नाही. आवाजाचे बिट्स करणं आणि बिट्सचा परत आवाज करणं हे काम रेडिओतला व्होकोडर करतो, डीएमआरमध्ये तो एएमबीई प्लस टू असतो, आणि पाय फक्त ती पाकिटं इकडून तिकडे नेतो. सेकंदाला ३६०० बिट्स, त्यातले २४५० आवाजाचे आणि ११५० चुका दुरुस्त करायचे. एवढं काम अगदी छोटा बोर्डही आरामात करतो.

पायच्या डोक्यावर जीपीआयओ नावाच्या ४० पिनांवर एक हॅट बसते, म्हणजे वर बसवायचा छोटा बोर्ड, तिला एमएमडीव्हीएम हॅट म्हणतात. तिच्यावर दोन मुख्य चिपा, एक एसटीएम३२ मायक्रोकंट्रोलर आणि दुसरी एडीएफ७०२१, जी खरी रेडिओची चिप. शिवाय एक चकचकीत चौकोनी डबी असते, नखाएवढी, टीसीएक्सओ नावाची, म्हणजे तापमान बदललं तरी जागेवर राहायचा प्रयत्न करणारा क्रिस्टल. बहुतेक हॅटवर त्यावर १४.७४५६ किंवा १२.२८८ असं छापलेलं असतं. तुमच्या हॅटवर कुठला आकडा आहे तो आत्ताच बघून कागदावर लिहून ठेवा, फर्मवेअर (हॅटच्या चिपमधलं सॉफ्टवेअर) बदलायची वेळ आली तर आधी तोच लागतो. झीरो घेताना हेडरच्या पिना सोल्डर केलेला घ्या, नाहीतर चाळीस टाके स्वतः मारावे लागतील. आणि अँटेना लावल्याशिवाय वीज देऊ नका, तिचा एसएमए कनेक्टर हातानेच घट्ट करा, पक्कड नको.

एमएमडीव्हीएम म्हणजे मल्टी मोड डिजिटल व्हॉइस मोडेम, आणि ते ज्यांनी लिहिलं ते जोनाथन नेलर, कॉलसाइन जी४केएलएक्स. पाय-स्टार अँडी टेलर यांचं, एमडब्ल्यू०एमडब्ल्यूझेड. हॉटस्पॉटच्या हॅटवर चालणारं फर्मवेअर अँडी उरीबे, सीए६जेएयू यांनी उभं केलं. ही माणसं वेगवेगळ्या देशांतली, आणि त्यांचं काम सगळ्यांसाठी खुलं आहे. आज तुम्ही मी जेवढं डिजिटलवर बोलतो त्यातलं बरंचसं यांच्या जिवावर चाललंय. मला त्यांच्याबद्दल मनापासून आदर आहे आणि हे कुठेतरी लिहायचंच होतं.

आता कार्ड. पाय-स्टारची इमेज उतरवा, झिप उघडा, एचर नाहीतर रास्पबेरी पाय इमेजरने मायक्रो एसडी कार्डवर लिहा, ८ जीबी भरपूर होतं. वायफायसाठी पाय-स्टारच्या साइटवर एक छोटा फॉर्म आहे, तो भरला की एक फाइल मिळते, ती कार्डच्या बूट भागात टाकायची. नाही टाकली तरी अडत नाही, ओळखीचं नेटवर्क सापडलं नाही की पाय थोड्या वेळाने स्वतःच पाय-स्टार-सेटअप नावाचं वायफाय सुरू करतो, मोबाईलवरून त्याला जोडा आणि ब्राउझरमध्ये १९२.१६८.५०.१ उघडा. इथे बरेच जण अडकतात त्याचं कारण साधं आहे, झीरो डब्ल्यू आणि झीरो टू डब्ल्यू दोन्ही फक्त २.४ गिगाहर्ट्झचं वायफाय बघू शकतात, आणि घरातला राउटर ५ वर सेट केलेला असतो. पायला ते नेटवर्क दिसतच नाही, माणूस मात्र पासवर्ड पुन्हापुन्हा टाकत बसतो.

कॉन्फिगरेशनचं पान पहिल्यांदा उघडलं की घाबरायला होतं, पण लागणाऱ्या गोष्टी मोजक्याच. कॉलसाइन. डीएमआर आयडी, सात आकडी, रेडिओआयडी या साइटवर लायसन्स दाखवून मिळतो, त्यातले पहिले तीन आकडे देशाचे असतात. हॉटस्पॉट एकापेक्षा जास्त असतील तर त्यापुढे दोन आकडे जोडून नऊ आकडी करायचा. ब्रँडमायस्टरच्या सेल्फकेअरमध्ये जाऊन हॉटस्पॉटचा वेगळा पासवर्ड ठेवायचा आणि तोच इथे टाकायचा, जुळला नाही तर मास्टर सर्व्हर तुम्हाला दारातच थांबवतो. कंट्रोलर सिम्प्लेक्स (एका वेळी ऐकणं किंवा पाठवणं) की ड्युप्लेक्स (दोन्ही एकदम) ते हॅटवर किती अँटेना आहेत ते बघून ठरवा, एक असेल तर सिम्प्लेक्स. मोडेमच्या यादीत आपल्या हॅटचं बरोबर नाव निवडा. नोड टाइप प्रायव्हेट ठेवा म्हणजे दुसऱ्याच्या रेडिओने तुमचा हॉटस्पॉट उघडणार नाही. आणि सुरुवातीला एकच मोड चालू करा, फक्त डीएमआर. सगळे मोड एकदम चालू केले की हॉटस्पॉट सारखा या मोडवरून त्या मोडवर उड्या मारतो आणि नवीन माणसाला कळतच नाही की चूक कुठे आहे.

फ्रिक्वेन्सी मात्र विचार करून निवडा. "कुठलीतरी टाक, १० मिलिवॉट तर आहे" असं म्हणणारे भेटतील, त्यांचं ऐकू नका. ४३५ ते ४३८ मेगाहर्ट्झ हा हॅम सॅटेलाइटचा भाग आहे, तिथे अजिबात जायचं नाही. शेकडो किलोमीटरवरच्या सॅटेलाइटचा बारीक सिग्नल ऐकायला कोणीतरी शेजारी यागी अँटेना घेऊन गच्चीवर उभा असेल तर त्याच्यासाठी तुमचे १० मिलिवॉट म्हणजे कानात भोंगा. ४३३.९२० च्या आसपासही नको, तिथे कित्येक देशांत रिमोट आणि सेन्सर किलबिलत असतात. आपल्या देशाचा बँड प्लॅन काढा, रिपीटरचे इनपुट-आउटपुट टाळा, आणि जी फ्रिक्वेन्सी मनात आहे तिच्यावर हँडीचा स्क्वेल्च (बारीक सिग्नल गाळणारी सेटिंग) उघडून एक अख्खी संध्याकाळ नुसतं ऐका. मी हे केलं आणि पहिली निवडलेली फ्रिक्वेन्सी सोडून दिली, तिथे दर अर्ध्या मिनिटाला काहीतरी टुक करत होतं.

हँडीमधला कोडप्लग, म्हणजे तिच्यात भरलेली सगळी सेटिंग, हा एक स्वतंत्र विषय आहे, पण हॉटस्पॉटपुरतं सांगायचं तर पाच गोष्टी जुळल्या पाहिजेत: फ्रिक्वेन्सी दोन्हीकडे तीच, कलर कोड तोच (आपला सिग्नल ओळखायचा आकडा, ० ते १५ मधला कुठलाही, बहुतेक जण १ ठेवतात), टाइमस्लॉट २ (डीएमआर एकाच फ्रिक्वेन्सीवर वेळेचे दोन भाग आलटून-पालटून वापरतो, त्यातला दुसरा), टॉकग्रुप (नेटवर्कवरची गप्पांची खोली), आणि रिसीव्ह ग्रुप लिस्टमध्ये तो टॉकग्रुप घातलेला असणं. शेवटचं लोक विसरतात, मग डॅशबोर्डवर आवाज येताना दिसतो आणि रेडिओ मात्र तोंड उघडत नाही. अॅडमिट क्रायटेरिया (रेडिओने कधी पाठवायचं ती अट) आधी ऑलवेज ठेवून बघा. पॉवर लो.

आणि पहिली चाचणी पॅरटवर करा. ९९९० हा नंबर प्रायव्हेट कॉल म्हणून टाका, ग्रुप कॉल नाही, तिथे बोललेलं तुम्हाला परत ऐकवलं जातं. टॉकग्रुप ९१ हा वर्ल्डवाइड आहे, जगभरची माणसं तिथे बसलेली असतात, तिथे "हॅलो टेस्ट टेस्ट" करायचं नाही.

तर हे सगळं मी केलं. डॅशबोर्ड हिरवा. पीटीटी दाबलं, नऊ नऊ नऊ शून्य, हॅलो म्हटलं, सोडलं. शांतता. परत. शांतता. हॅटवरचा डीएमआरचा दिवा क्वचित एकदा लुकलुकायचा आणि विझायचा. मी कोडप्लग तीनदा नव्याने लिहिला, कार्ड दोनदा फ्लॅश केलं, पासवर्ड बदलला, राउटर बंद-चालू केला, मंचांवर सापडेल ते वाचत बसलो आणि प्रत्येक ठिकाणी नवीन सल्ला. तिसऱ्या संध्याकाळी एका सीनियर हॅमना फोन केला, त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "लोकल आरएफच्या रकान्यात बीईआर किती दाखवतोय?" बीईआर म्हणजे शंभरातले किती बिट्स चुकले तो आकडा. मी म्हटलं, काका, तिथे काही येतच नाहीये, मधूनच एखादी ओळ येते. "मग त्या ओळीत किती?" बघितलं तर ९.४ टक्के. ते म्हणाले, "अहो, तुमचं नेटवर्क उत्तम आहे. तुमचे दोन रेडिओ एका फ्रिक्वेन्सीवर नाहीयेत."

मला पटेना. दोन्हीकडे तोच आकडा, शेवटच्या अंकापर्यंत मी स्वतः टाकलेला. मग त्यांनी समजावलं ते इतकं सुंदर होतं की तसंच इथे मांडतो.

डीएमआरचा सिग्नल म्हणजे चार सूर आहेत असं समजा. मधल्या फ्रिक्वेन्सीपासून १९४४ हर्ट्झ वर, ६४८ हर्ट्झ वर, ६४८ हर्ट्झ खाली आणि १९४४ हर्ट्झ खाली. सेकंदाला ४८०० वेळा यातला एक सूर लागतो, प्रत्येक सूर म्हणजे दोन बिट्स, म्हणून ९६०० बिट्स. ऐकणारी चिप ठरवते की आत्ता लागला तो चारांपैकी कुठला. दोन शेजारच्या सुरांमध्ये १२९६ हर्ट्झचं अंतर, म्हणजे त्यांच्यातली सीमा बरोबर मध्ये, प्रत्येक सुरापासून ६४८ हर्ट्झ अंतरावर. आता तुमचा हॉटस्पॉट आणि हँडी यांच्यात ६०० हर्ट्झचा फरक असेल तर टोकाचा एक सोडून प्रत्येक सूर सरकून अगदी सीमेला टेकतो. थोडा नॉइज आला की पलीकडे. बिट चुकला.

आणि ६०० हर्ट्झ चुकायला किती लागतं? माझ्या हॅटवरचा क्रिस्टल १४.७४५६ मेगाहर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला एक कोटी सत्तेचाळीस लाख पंचेचाळीस हजार सहाशे ठोके. त्यावरून ४३३ मेगाहर्ट्झच्या आसपास जायचं म्हणजे साधारण २९.४ पट. त्या दीड कोटीत फक्त वीस ठोके इकडे-तिकडे झाले की वर जाऊन ते जवळजवळ ५९० हर्ट्झ होतात. साधारण १.४ पीपीएमची, म्हणजे दहा लाखात १.४ ची, चूक. अशा क्रिस्टलला एवढी चूक असणं त्याच्या कागदावरच्या मर्यादेत बसतं, म्हणजे हॅट खराब नव्हती, तिला फक्त कोणी सुरात लावलं नव्हतं. साध्या एफएमवर एवढ्या फरकाने कानाला काही कळलं नसतं, म्हणून आपल्याला ही सवयच नाही.

उपाय. एक्स्पर्ट मेनूतून एमएमडीव्हीएमहोस्टची पूर्ण सेटिंग उघडा, मोडेमच्या भागात आरएक्सऑफसेट आणि टीएक्सऑफसेट अशा दोन ओळी आहेत (ऐकायची आणि पाठवायची फ्रिक्वेन्सी किती सरकवायची ते), आकडे हर्ट्झमध्ये. आधी हॉटस्पॉट वीसेक मिनिटं चालू ठेवून गरम होऊ द्या, क्रिस्टल थंडा असताना घेतलेलं माप नंतर सरकतं. हँडी दोन-तीन मीटर लांब, लो पॉवरवर. मग आरएक्सऑफसेट बदलायचा, सेव्ह करायचं, सर्व्हिस परत सुरू होईपर्यंत थांबायचं, पीटीटी दाबून पाच-सहा सेकंद कॉलसाइन सांगून एक ते दहा मोजायचं, आणि लोकल आरएफमधला बीईआर वहीत लिहायचा.

मी आधी अधिक २०० टाकलं, तर दिवा लुकलुकायचाही बंद झाला. म्हणजे दिशा चुकली. उणे १००, ओळ येऊ लागली, साडेसात टक्के. उणे २००, सव्वापाच. उणे ३००, तीन. उणे ४००, आणि पॅरट बोलला. माझाच आवाज, थोडा खरखरीत, मध्येच बुडबुडा आल्यासारखा, पण माझाच. मी उठून उभा राहिलो होतो हे मला नंतर लक्षात आलं. तिथे थांबायचं नाही हे काकांनी बजावलं होतं, म्हणून पुढे गेलो, उणे ५०० ला ०.६, उणे ६०० ला ०.३, उणे ७०० ला परत सव्वा टक्का. म्हणजे दरी ५०० आणि ७०० च्या मध्ये कुठेतरी, बारीक पावलं टाकून उणे ५७५ ला ०.२ वर येऊन स्थिरावलो. एकच क्रिस्टल दोन्ही कामं करतो म्हणून टीएक्सऑफसेटलाही तोच आकडा टाकला, आणि नेटवर्कवरून येणारा आवाज जो मला वाटत होता की इंटरनेटमुळे तुटतोय, तोही स्वच्छ झाला.

ज्यांना कमांड लाइनची सवय आहे त्यांच्यासाठी पाय-स्टारमध्ये एमएमडीव्हीएमकॅल नावाचं टूल आहे, सुडो पायस्टार-एमएमडीव्हीएमकॅल असं टाइप केलं की उघडतं. त्यात रेडिओ ट्रान्समिटवर धरून कीबोर्डवरून फ्रिक्वेन्सी वरखाली करता येते आणि बीईआर समोर बदलताना दिसतो, सर्व्हिस दरवेळी रीस्टार्ट करावी लागत नाही. शिवाय त्या वेळी हॉटस्पॉट नेटवर्कपासून तुटलेला असतो म्हणजे तुमच्या चाचण्या कोणाच्या कानावर जात नाहीत. हीच पद्धत जास्त चांगली, मी हाताने केलं कारण मला ते टूल माहीत नव्हतं. एक टक्क्याच्या आत आणा, अर्ध्याच्या आत आलं तर उत्तम. दुसरी हँडी घेतलीत तर तिच्यावरही एकदा बघा, तिचाही क्रिस्टल वेगळा असतो. वर्षभराने परत बघा, क्रिस्टल म्हातारा होतो तसा सरकतो.

बीईआर कधी चांगला कधी वाईट असा नाचत असेल तर ऑफसेटच्या मागे लागू नका, दोन गोष्टी बघा. हँडी हॉटस्पॉटच्या अगदी शेजारी ठेवून पाच वॉटवर बोललात तर त्या बिचाऱ्या चिपचे कान बसतात, लांब जा. आणि अडॅप्टर. मोबाईलचा जुना चार्जर आणि लांब पातळ केबल लावली की पायला ५ व्होल्ट पूर्ण मिळत नाहीत, तो मध्येच रीबूट होतो, एसडी कार्डही खराब होऊ शकतं. आखूड, जाड केबल लावा. पाय-स्टार कार्डला रीड-ओन्ली ठेवतं ते याच काळजीपोटी, म्हणून हाताने फाइल बदलायची तर आधी आरपीआय-आरडब्ल्यू ही कमांड द्यावी लागते.

पाय थ्री किंवा झीरोवर स्वतःची साधी लिनक्स टाकून हे करत असाल तर अजून एक अडचण, मोडेमला लागणारी सिरीयल लाइन ब्लूटूथने धरून ठेवलेली असते, ती कॉन्फिग फाइलमध्ये डिसेबल-बीटीचा ओव्हरले टाकून सोडवावी लागते. पाय-स्टार हे आपलं आपण करतं, म्हणून पहिल्यांदा करणाऱ्याने पाय-स्टार नाहीतर त्याच घराण्यातलं डब्ल्यूपीएसडीच घ्यावं असं माझं मत.

एकदा चालू झालं की नेटवर्कवर वागायचं कसं हेही शिकावं लागतं. एकाचं बोलणं संपल्यावर लगेच पीटीटी दाबू नका, दोन सेकंद जाऊ द्या, तिसऱ्या कोणाला आत यायचं असेल तर तीच जागा असते. शिवाय सिम्प्लेक्स हॉटस्पॉट एका वेळी एकच करू शकतो, ऐकू शकतो किंवा बोलू शकतो, त्यामुळे नेटवर्कचा आवाज हवेत जात असताना तुम्ही कितीही पीटीटी दाबलं तरी त्याला ते कळत नाही. टॉकग्रुप सोडायचा असेल तर ४००० वर एकदा दाबा म्हणजे डायनॅमिक लिंक सुटते. आणि नुसतं बटण दाबून सोडून देणं, ज्याला कर्चंक म्हणतात, ते टाळा. जगभरातले स्पीकर त्या क्षणी खट्ट वाजतात, आणि कोणाचा आयडी होता ते सगळ्यांच्या स्क्रीनवर दिसतं.

ऑफसेट लागला त्या रात्री मी ९१ वर जवळजवळ तासभर नुसता ऐकत होतो. मग एक जागा मिळाली, दोन सेकंद मोजले, कॉलसाइन दिला. पलीकडून एक आजोबा आले, आवाज शांत, इंग्रजी सावकाश. ते म्हणाले तुमचं ऑडिओ फार स्वच्छ आहे, काय वापरताय. मी हॅट सांगितली, क्रिस्टल सांगितला, उणे ५७५ सांगितलं. ते थोडं थांबले आणि म्हणाले, माझा अधिक ३२५. मग आम्ही वीस मिनिटं क्रिस्टलवरच बोललो, आणि ७३ केलं, म्हणजे हॅमच्या भाषेत निरोप घेतला.

हॉटस्पॉटच्या डबीच्या तळाला मी एक पट्टी चिकटवलीय, मार्करने लिहिलेली: टीसीएक्सओ १४.७४५६, ऑफसेट उणे ५७५, आणि खाली तारीख. तुमचा आकडा वेगळा येईल, पण लिहून तिथेच चिकटवा, कार्ड कधीतरी परत फ्लॅश करावं लागतंच.